ससा, सशीण आणि मोजपट्टी

(मंडळाच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे.)



कार्यकारिणीनं फोन करून "तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल" म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं असणार की मी क्लाउडबद्दल बोलेन, नाहीतर एआय आपल्या नोकर्‍या खाणार का यावर. मी विषय कळवला: नर आणि मादी सशांच्या मेंदूची मोजमापं. फोनवर जरा शांतता पसरली. मग वहिनींनी हळूच विचारलं, "हॉलमध्ये लहान मुलं असतील हं, चालेल ना?" चालेल वहिनी. यात काही वावगं नाही. आणि उखाण्यांची स्पर्धा नंतर आहे, त्यामुळे माझं लांबलं तर तुम्ही मला थांबवालच.

आधी एक खुलासा. मी बारावीला बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या पिढीतला माणूस. बेडूक कापायचा नाही, एवढ्याच कारणानं इंजिनियर झालेले इथे आणखी दोन-चार जण तरी असतील. कन्सल्टिंगच्या धंद्यात मात्र क्लायंट कुठला मिळेल ते आपल्या हातात नसतं. बँका झाल्या, इन्शुरन्स झालं, आणि मग एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचं काम आलं. सशांच्या मेंदूचे एमआरआय काढतात, त्या चित्रांची साठवण, नावं, मोजणीचे प्रोग्रॅम, हे माझं काम. सशाला मी आजवर हात लावलेला नाही. त्यांचे निष्कर्ष त्यांचे आहेत, ते छापून येईपर्यंत मी त्याबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे ते मोजण्याबद्दल. मेंदू मोजणं ही दिसायला अगदी सोपी आणि करायला अतिशय फसवी गोष्ट आहे, आणि त्या फसवेपणाची किंमत आपल्या घरातल्या मुली मोजतात. त्याकडे मी येणारच आहे.

पण ससाच का? उंदीर स्वस्त, माकड माणसाच्या जवळचं, मग हा मधलाच प्राणी कशाला? सशाचा मेंदू साधारण दहा ग्रॅमचा असतो, म्हणजे दोन चहाचे चमचे पाण्याइतका. आपला तेराशे-चौदाशे ग्रॅमचा. सशाच्या मेंदूचा पृष्ठभाग बराचसा गुळगुळीत, आपल्यासारख्या घड्या नाहीत. पण नर-मादीच्या प्रश्नात सशानं शास्त्राला जे दिलंय, ते फार थोड्या प्राण्यांनी दिलं असेल.

एक म्हणजे सशिणीचं बीज ठरावीक चक्रानं सुटत नाही. नराशी संबंध आला की मेंदूकडून हुकूम जातो आणि साधारण दहा तासांनी बीज सुटतं. १९३७ साली जेफ्री हॅरिस या इंग्रज शास्त्रज्ञानं सशिणीच्या हायपोथॅलॅमस भागाला बारीकसा विजेचा प्रवाह देऊन, नराशिवायच हे घडवून दाखवलं. प्रजननाची सूत्रं मेंदूतून हलतात, याचा तो सुरुवातीचा पुरावा.

दुसरी गोष्ट मला त्याहूनही थरारक वाटते. पॅरिसमध्ये आल्फ्रेड जोस्त नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४० च्या दशकात, म्हणजे युद्धाच्या धामधुमीत, गर्भातल्या सशांवर शस्त्रक्रिया केल्या. सशाचा गर्भकाळ जेमतेम एक महिन्याचा, त्यातला तो गर्भ केवढा असेल विचार करा! नर-मादीचे अवयव वेगळे होण्याआधीच त्यांनी गर्भातल्या पिल्लाची वृषणं काढून टाकली. पिल्लाचे गुणसूत्र नराचे असोत की मादीचे, आतली रचना मादीचीच तयार झाली. म्हणजे वृषणाकडून निरोप आला नाही, तर शरीर मादीच्या वाटेनं जातं. आणि निरोपही एक नाही, दोन. 'नराचे अवयव बांध' हा एक, तो टेस्टोस्टेरॉनचा. 'मादीच्या नलिका पुसून टाक' हा दुसरा, तो वेगळ्याच एका द्रव्याचा असणार असं जोस्त म्हणाले. त्या द्रव्याचं आजचं नाव एएमएच. आता काही जणांच्या माना हलल्या! बरोबर, बीजकोशात बीजं किती शिल्लक आहेत याचा अंदाज घ्यायला डॉक्टर जी रक्ततपासणी सांगतात, ती याचीच. मोठ्या बायकांच्या शरीरात ते बीजकोशातून येतं. तिची मुळं पॅरिसच्या सशांपर्यंत जातात, हे मला हे काम घेईपर्यंत माहीत नव्हतं.

पुढे १९५९ साली अमेरिकेत चार शास्त्रज्ञांनी गाभण गिनीपिगना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर त्यांच्या मुलींचं मोठेपणीचं वागणं नराकडे झुकलं. म्हणजे हार्मोन नुसते अवयव घडवत नाही, मेंदूही घडवतं. मग शोध सुरू झाला, मेंदूत हे दिसतं कुठे? १९७६ मध्ये नॉटेबोम आणि अर्नोल्ड यांनी कॅनरी आणि झीब्रा फिंच पक्ष्यांत दाखवलं, की गाणं म्हणण्याचे मेंदूतले भाग नरात मादीपेक्षा खूप मोठे असतात. १९७८ मध्ये गोर्स्की आणि सहकार्‍यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये एक लहानसा पुंजका दाखवला, नरात मादीच्या कित्येक पट मोठा. तेव्हा 'नर-मादीच्या मेंदूत काहीच फरक नसतो' असं कोणी म्हणालं, तर ते खरं नाही. फरक असतात. प्रश्न असा, की कुठे, किती, आणि त्यावरून काय म्हणायचं.

आता मोजण्याकडे.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे तराजू. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी इस्पितळात वारलेल्या माणसांचे मेंदू तोलले. २९२ पुरुषांची सरासरी १३२५ ग्रॅम, १४० बायकांची ११४४ ग्रॅम. फरक १८१ ग्रॅम. आकडे प्रामाणिक होते, ब्रोका अत्यंत काटेकोर माणूस. पण बायका उंचीनं आणि वजनानं लहान असतात, त्यामुळे हा फरक कितपत उरतो हे बघायला हवं होतं, तर ते म्हणाले की बायका पुरुषांपेक्षा थोड्या कमी बुद्धिमान असतात हे माहीतच आहे, तेव्हा काही फरक त्यामुळेही असणार! म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. आमच्या धंद्यात याला इन्फिनिट लूप म्हणतात.

वजनाचा आणि बुद्धीचा संबंध किती? रशियन लेखक तुर्गेन्येव यांचा मेंदू दोन हजार ग्रॅमच्या वर भरला. १९२१ चं नोबेल मिळालेले फ्रेंच साहित्यिक आनातोल फ्रान्स यांचा जेमतेम हजार ग्रॅम. आइनस्टाइन यांचा १२३० ग्रॅम, म्हणजे पुरुषांच्या सरासरीच्याही खाली. हत्तीचा जवळजवळ पाच किलो. हत्ती हुशार असतो, पण अजून कोणी त्याला नोबेल दिलेलं नाही.

बरं, मग शरीराच्या वजनानं भागाकार करू? तिथेही घोटाळा. शरीर दुप्पट झालं म्हणून मेंदू दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढतो. म्हणून लहान प्राणी भागाकारात नेहमी जिंकतात. उंदराचं गुणोत्तर जवळजवळ माणसाएवढंच येतं. आणि इथे आमचा ससा मजा करतो. प्रयोगशाळेत सर्रास असतो तो न्यूझीलंड व्हाइट जातीचा पांढरा ससा घ्या. त्यात मादी नरापेक्षा थोडी मोठी असते! ससे आणि त्यांचे भाईबंद हे सस्तन प्राण्यांतलं असं थोडं उलटं घराणं आहे. म्हणजे नुसत्या वजनानं बघितलं तर एक उत्तर, भागाकारानं बघितलं तर दुसरं, आणि योग्य वक्र लावून बघितलं तर तिसरंच. प्राणी तेच, तराजू तोच. 'नराचा मेंदू मोठा' असं कोणी म्हणालं तर आमच्या लॅबमध्ये पहिला प्रश्न येतो, "कशाच्या तुलनेत?"

डार्विननंही ससे मोजले होते, हे फार थोड्यांना माहीत असतं. १८६८ च्या ग्रंथात त्यानं रानटी आणि पाळीव सशांच्या कवट्यांची तुलना दिली आहे. कवटीत बंदुकीचे बारीक छर्रे भरायचे आणि किती मावतात ते बघायचं. त्याला आढळलं की शरीराच्या मानानं पाळीव सशाची मेंदूची पोकळी लहान असते. दीडशे वर्षांनी, २०१८ मध्ये, स्वीडन-पोर्तुगालकडच्या एका गटानं आठ रानटी आणि आठ पाळीव सशांचे एमआरआय काढून हाच प्रश्न परत विचारला. डार्विन बरोबर होता. शिवाय छर्‍यांना जे कळणं शक्य नव्हतं तेही कळलं. भीतीशी जोडलेला ॲमिग्डाला हा भाग पाळीव सशात लहान, आणि भीतीला आवर घालणार्‍या पुढच्या भागाचा एक तुकडा मोठा.

एवढा लहान भाग मोजतात कसा? तत्त्व जुनंच आहे. १६३५ साली इटलीच्या काव्हालिएरी यांनी मांडलेलं. दुधी भोपळ्याचं घनफळ काढायचंय, तर त्याच्या सारख्या जाडीच्या चकत्या करा, प्रत्येक चकतीचं क्षेत्रफळ मोजा, बेरीज करून जाडीनं गुणा. झालं. पूर्वी मेंदूच्या खर्‍या चकत्या करत. पण फॉर्मलिनमध्ये ठेवला की त्याचं वजन बदलतं, पुढे मेणात बसवताना तो चांगलाच आकसतो. भाजी चिरल्यावर मीठ घालून ठेवावी आणि मग तोलावी, तसं ते. एमआरआयमध्ये चकत्या चित्रातच होतात, म्हणून ही भानगड कमी. पण दुसरी येते.

एमआरआयचं चित्र बारीक ठोकळ्यांचं असतं, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. समजा आपल्याला हवा तो भाग दहा बाय दहा बाय दहा ठोकळ्यांचा आहे. एकूण हजार. यातले कडेचे किती? मुलांनो, सांगा बघू. आतले आठ बाय आठ बाय आठ म्हणजे ५१२, तेव्हा कडेचे ४८८. जवळजवळ निम्मे ठोकळे कडेवर! आणि कड तर धूसर असते. मोजणार्‍यानं चहूबाजूंनी एकच ठोकळा बाहेर धरला तर हजाराचे १७२८ होतात. एक ठोकळा आत धरला तर ५१२. मेंदू तोच, फक्त हात थोडा सैल किंवा थोडा घट्ट. नर-मादीतला जो फरक शोधायचा तो असतो पाच-दहा टक्क्यांचा, आणि हाताचा फरक याहून कितीतरी मोठा असू शकतो.

म्हणून मोजणार्‍याला समोरचा मेंदू कोणाचा ते कळता कामा नये. इथे माझ्यासारख्याचं काम सुरू होतं. फायलींच्या नावात नर-मादी असं काही राहू द्यायचं नाही, प्रत्येक फाइलला आगापिछा नसलेला नंबर द्यायचा, आणि किल्ली कुलपात. क्रमही पिसून टाकायचा, कारण सकाळी सगळे नर आणि दुपारी सगळ्या माद्या मोजल्या, तर जेवणानंतरची पेंग हाच लिंगभेद म्हणून छापून येईल! एकच मेंदू दोघांनी वेगवेगळा मोजायचा आणि दोघांच्या रेघा कितपत जुळतात ते बघायचं. यात काही बुद्धीचं मोठं काम नाही, पण हे झालं नसेल तर पुढचं सगळं फुकट आहे.

आणखी एक सापळा. मेंदूचे शंभर भाग मोजलेत आणि पाच टक्क्यांची नेहमीची कसोटी लावलीत, तर काहीही फरक नसताना सुमारे पाच भाग 'फरक आहे' असं ओरडतील. नुसत्या योगायोगानं. क्रेग बेनेट आणि मित्रांनी २००९ मध्ये मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि ही दुरुस्ती न करता हिशेब केला तर माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! त्यांना २०१२ मध्ये इग्नोबेल मिळालं. हसण्यासारखं आहे, पण त्यांचा रोख गंभीर होता.

आता मी म्हटलं होतं त्या गोष्टीकडे येतो. आपल्याच मंडळातल्या एका ताईंची परवानगी घेऊन सांगतोय, नाव सांगणार नाही. त्यांची मुलगी सहावीत आहे. गणिताच्या वरच्या वर्गासाठी लागणारे मार्क तिला आहेत. शाळेच्या मीटिंगमध्ये ताईंना सांगितलं गेलं, की मार्क आहेत हो, पण मुलींच्या मेंदूचे दोन अर्धगोल जास्त जोडलेले असतात, त्यांचा कल भाषेकडे असतो, तेव्हा उगीच ताण नको. वर एक गुलाबी आणि एक निळा मेंदू असलेली स्लाइड. ताई घरी आल्या आणि मला फोन केला, "तू मेंदूंचं काहीतरी करतोस ना रे? हे खरं आहे का?"

मी त्यांना जे सांगितलं ते इथे सांगतो. हे दोन अर्धगोल जोडणार्‍या पट्ट्याचं नाव कॉर्पस कलोसम. १९८२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला, की याचा मागचा भाग बायकांत मोठा आणि फुगीर असतो. किती मेंदू मोजले होते? चौदा. नऊ पुरुषांचे, पाच बायकांचे. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत याहून जास्त माणसं आहेत. पण बातमी जगभर गेली, पुस्तकांत गेली, शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये गेली. मग इतरांनी मोजत मोजत १९९७ पर्यंत ४९ अभ्यास झाले. बिशप आणि वॉल्स्टन यांनी ते सगळे एकत्र तपासले आणि तो फरक काही टिकला नाही. ही दुसरी बातमी मात्र कोणी स्लाइडवर टाकली नाही.

आणि गणिताचंच म्हणाल तर, २००८ मध्ये जॅनेट हाइड आणि सहकार्‍यांनी अमेरिकेतल्या दहा राज्यांतल्या सत्तर लाखांहून जास्त विद्यार्थ्यांच्या परीक्षांचे आकडे छापले. दुसरी ते अकरावी. मुलं आणि मुली यांच्या सरासरीत फरक नाही म्हणावा इतकाच.

२०१५ मध्ये डाफ्ना जोएल या इस्रायली बाईंनी चौदाशेहून जास्त माणसांचे स्कॅन तपासले. काही भाग सरासरीनं पुरुषांत मोठे, काही बायकांत. पण एकेक माणूस घेतला तर सगळे भाग 'पुरुषी' टोकाला किंवा सगळे 'बायकी' टोकाला, असे लोक फारच थोडे निघाले. बहुतेक सगळे गोधडीसारखे, तुकडे तुकडे जोडलेले. यावर वाद झाला, आणि तो मी लपवणार नाही. इतरांनी दाखवलं की सगळी मापं एकदम कॉम्प्युटरला दिली तर तो हा मेंदू पुरुषाचा की बाईचा हे बर्‍याच वेळा बरोबर ओळखतो. मला विचाराल तर दोन्ही खरं आहे. आवाजावरूनही फोनवर बाई की पुरुष हे आपण ओळखतोच, पण त्यावरून त्या व्यक्तीला भागाकार येतो का, हे नाही ओळखत.

मग कोणी म्हणेल, कशाला मोजायचे ते फरक? सोडून द्या, वाद मिटला. तर तेही महाग पडतं. अँनेलिस बीरी आणि आयर्विंग झुकर यांनी २०११ मध्ये एक हिशेब छापला. मेंदूशास्त्रातल्या, एकाच लिंगाचे प्राणी वापरणार्‍या प्रयोगांत एका मादीवाल्यामागे साडेपाच नरवाले होते. कारण काय सांगायचे, तर माद्यांचं हार्मोनचं चक्र असतं, आकडे वरखाली होतात. २०१४ मध्ये उंदरांवरचे २९३ लेख तपासले तर माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त वरखाली नव्हतेच! सशिणीला तर तसं चक्रही नाही, तरी सबब तीच.

आता अँबियन ही झोपेची गोळी बघा. आपल्यापैकी भारतातून परत आल्यावर जेटलॅगसाठी घेतलेले असतीलच. ती अमेरिकेत १९९२ पासून आहे, बाई-पुरुष दोघांना डोस एकच, दहा मिलिग्रॅम. बायकांच्या शरीरातून ते औषध सावकाश बाहेर पडतं. रात्री गोळी घेतलेली बाई सकाळी मुलांना शाळेत सोडायला गाडी काढते, तेव्हा रक्तात ते इतकं उरलेलं असू शकतं, की गाडी चालवणं धोक्याचं. एफडीएनं बायकांचा डोस निम्मा, पाच मिलिग्रॅम करायला सांगितलं ते २०१३ मध्ये. एकवीस वर्षं! यात मेंदूच्या आकाराचा काही संबंध नाही, पण 'दोन्ही मोजा' म्हणणार्‍यांच्या हातात हे उदाहरण आलं. २०१६ पासून सरकारी एनआयएचकडे पैसे मागताना प्राण्यांच्या प्रयोगात नर-मादीचा विचार कसा केलात हे सांगावं लागायला लागलं. नर आणि माद्या दोन्ही पिंजर्‍यांत आहेत अशा प्रयोगशाळांना मग माझ्यासारख्या फाइलींची नावं पुसणार्‍या माणसांची गरज पडते.

ताईंना मी दोन लेख छापून दिलेत, १९९७ चा आणि २००८ चा. त्यांनी महत्त्वाच्या ओळी पिवळ्या मार्करनं रंगवून ठेवल्या आहेत आणि शाळेकडे लेखी विचारलंय की वरच्या वर्गासाठी अट मार्कांची आहे की आणखी कशाची. दुसरी मीटिंग येत्या गुरुवारी आहे. मुलगी आज इथेच आहे. मघाशी कडेचे ठोकळे ४८८ हे उत्तर मी सांगायच्या आत जिनं दिलं, ती.

वहिनी हात दाखवतायत. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलापाशी या, तिथे बोलू.